एकेचाळीस गजर

डॉ. रुबिना शिकलगारला एक खोड होती. यंत्र चुकलं की ती आधी यंत्राला शिव्या घालायची आणि मग, चहा झाल्यावर, स्वतःला. मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती चौथ्या चहावर होती आणि शिव्यांचा रोख कुणाकडे वळवायचा हे अजून ठरत नव्हतं.

समोरच्या आलेखफलकावर एकेचाळीस गजर मांडलेले होते. गेल्या तीन महिन्यांतले, एकाच विशेष शाळेतले, एकाच वर्गातले, एकाच मुलीचे. शाल्मली घोरपडे, वय वर्षं नऊ. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तेव्हापासून तिचे हुकूम तिच्या शरीरापर्यंत नीट पोहोचत नव्हते. तिला बोलता येत नव्हतं, हात मनासारखे वळत नव्हते, आणि बसायचं तेही भिंतीला टेकून. एवढ्याशा पोरीनं शिकलगारबाईंच्या पाच वर्षांच्या संशोधनाची झोप उडवली होती.

शुक्रवारी त्या गजरांवर सुनावणी होती. बाल-दक्षता कायदा साधा होता. एका सत्रात तीसच्या वर गजर झाले की त्या वर्गाच्या शिक्षकाचा परवाना रद्द. आणि या वर्गाच्या शिक्षिका होत्या हेमलता कुरणे, विशेष शिक्षणात चोवीस वर्षं घालवलेल्या.

प्रयोगशाळा मिरजेत, एका जुन्या सतारीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली रुबिनाच्या अब्बांनी जन्मभर भोपळे कोरले आणि तारा चढवल्या. वर मुलीनं कंपनशास्त्राची पदवी घेऊन थेट जमिनीला कान लावला. लाकडी जिन्यावर कुणी पाऊल ठेवलं की ते वजनानं किती आणि रागानं किती हे तिला ऐकूनच कळायचं. आत्ता जिन्यावर जे कुणी येत होतं ते वजनानं बेताचं आणि रागानं भरपूर होतं.

"तुम्हीच का त्या फरशीवाल्या?" दारात उभ्या राहिलेल्या बाईंनी विचारलं. "मी कुरणे. बसा म्हणू नका. मी भांडायला आलेय."

"भांडण बसूनही होतं," रुबिना म्हणाली. "चहा घेणार?"

"घेईन. पण भांडणार आहे."

चहा आला. बाईंनी पहिला घोट घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "तुमची ती नाडीफरशी खोटं बोलते."

"फरशीला खोटं बोलता येत नाही, बाई. आपलं हृदय एकदा आकुंचन पावलं की रक्त एकीकडे ढकललं जातं आणि अंग केसभर दुसरीकडे सरकतं. आपल्याला ते जाणवत नाही, जमिनीला जाणवतं. मी फक्त ते ऐकते."

"वर्गात आठ पोरं, मी, आया. कुणाचा ठोका कुठला हे कसं कळतं?"

रुबिनाला हा प्रश्न आवडायचा. तिनं टेबलावरची अर्धवट जुळवलेली सतार पुढं ओढली. "या वरच्या तारा वाजवायच्या. खाली या बारीक तारा आहेत ना, या तरफेच्या. यांना कुणी हात लावत नाही. वर ज्या सुराची तार वाजेल, खाली त्याच सुराची तरफ आपोआप घुमते, बाकीच्या गप्प राहतात. फरशीत मी तेच केलंय. प्रत्येक मुलाच्या ठोक्याला त्याची त्याची तरफ लावून ठेवलीय. मुलाचा ठोका त्याच्या भीतीरेषेच्या वर गेला आणि बारा सेकंद वरच राहिला, की बाहेर सोबत्याच्या टेबलावर गजर होतो."

सोबती म्हणजे कायद्यानं प्रत्येक विशेष शाळेत नेमलेला पहारेकरी. गजर झाला की त्यानं मिनिटाच्या आत वर्गाच्या दाराशी पोहोचायचं, मुलाचं नाव घेऊन 'येऊ का' असं विचारायचं आणि मगच आत जाऊन पाहणी करायची. वर्गात कॅमेरे लावायचा विचार आधी झाला होता. पण तिथंच मुलांचे कपडे बदलावे लागतात, तिथं कॅमेरा कोण लावू देणार? म्हणून ही फरशी आली. आणि कायदा काही उगाच आला नव्हता. पाच वर्षांपूर्वी लांबच्या एका जिल्ह्यातल्या शाळेत एक मुलगा सामानाच्या खोलीत चार तास कोंडलेला सापडला होता. त्यालाही बोलता येत नव्हतं. तपासणीला गेलेल्या नाईकनवरे नावाच्या अधिकाऱ्यांनी त्याला उचलून बाहेर आणलं होतं. आता तेच नाईकनवरे या जिल्ह्याचे दक्षता अधिकारी होते आणि शुक्रवारची सुनावणी त्यांच्याचपुढे होती.

"मला कायदा शिकवू नका," कुरणेबाई म्हणाल्या. "त्या मुलाची बातमी वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते. लक्ष ठेवा की आमच्यावर, ठेवायलाच पाहिजे. पण तुमच्या फरशीला भीती आणि कष्ट यांतला फरक कळतो का?"

रुबिनानं सतार बाजूला सरकवली.

"दोन वर्षं मी शाल्मलीला उभी करत होते. डब्याच्या सुट्टीआधी रोज पंधरा मिनिटं. भिंतीला लाकडी कठडा आहे, तो तिनं धरायचा आणि मी कमरेला हात द्यायचा. पहिल्यांदा तीन सेकंद उभी राहिली. गेल्या मार्चमध्ये चाळीस! घामानं भिजायची, थरथरायची, पण तोंडावर काय तेज असायचं म्हणून सांगू! जूनमध्ये तुमची फरशी आली. पहिल्या आठवड्यात सात गजर. सातही उभं राहताना. ठोका वाढणारच हो, ती डोंगर चढत असते."

"मग?"

"ते सात नवी फरशी म्हणून सोडून दिले. पण मी घाबरले आणि उभं करणं बंद केलं." बाईंनी कप खाली ठेवला. "तीन महिने झाले. पाय पुन्हा लुळे पडायला लागलेत. सुरक्षेला खर्च येतो म्हणतात ना? हा घ्या खर्च. तो कुठल्या रकान्यात लिहायचा ते सांगा. आणि अजून एक सांगते. आता एखाद्या पोराला हात लावायच्या आधी मी दाराकडं बघते. चोवीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं."

रुबिनानं खिडकीबाहेर बघितलं, कारण बाईंकडे बघायची तिला लाज वाटली.

"पण बाई," ती म्हणाली, "उभं करणं थांबवल्यावर गजरही थांबायला हवे होते."

"थांबले की! दोन आठवडे एकही नाही. आदर्श वर्ग म्हणून नाईकनवरेसाहेबांचं अभिनंदनाचं पत्र आलं. आणि मग एक दिवस परत सुरू. ती नुसती भिंतीला टेकून बसलेली असते. मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला असते. कुणी तिच्याजवळ नसतं. साहेबांना वाटतं मी तिला डोळ्यांनी धमकावते."

"बहुतेक गजर बाराच्या आत आहेत. भूक लागत असेल."

"भूक लागली की ती ओठ चाटते," कुरणेबाई एवढ्या ठामपणे म्हणाल्या की रुबिनानं कागदावर लिहिलेला 'भूक' हा शब्द खोडून टाकला.

बाई भांडून, चहा पिऊन, जिना उतरून गेल्या. रुबिना फलकापुढे तशीच बसून राहिली. शिव्यांचा रोख आता पक्का स्वतःकडे वळला होता. भीतीरेषा आखताना तिनं प्रयोगशाळेत माणसांना दचकवून दचकवून मोजमापं घेतली होती. कष्ट करणारं माणूस तिनं त्या फरशीवर उभंच केलं नव्हतं. ती जन्मभर खुर्चीत बसून कष्ट करणारी बाई, तिला ते सुचणार तरी कसं?

पण मग हे एकेचाळीस? यात तर कष्टही नव्हते.

अब्बा जवारी, म्हणजे तारांखालची सतारीची घोडी, घासताना एक गोष्ट नेहमी करायचे. तारेतला नकोसा झणका घालवायच्या आधी ते तो मनसोक्त ऐकून घ्यायचे. रुबिना लहानपणी कंटाळायची. आता तिला आठवलं की फरशीतून तिनंही एक नकोसा आवाज पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. श्वास. श्वासाची लाट संथ आणि दांडगी असते, ती नाडीच्या बारीक ठोक्यांवर चढून बसते, म्हणून तिनं गाळणी लावून ती सगळी फेकून दिली होती. ती तिनं ऐकलीच नव्हती.

तिनं गाळणी काढली. फलकावर एकेचाळीस नाड्यांखाली एकेचाळीस श्वास उमटले.

"या अल्ला," रुबिना म्हणाली आणि उठून उभी राहिली.

दचकलेल्या माणसाचा ठोका आणि श्वास एकदमच बिघडतात. इथं तसं काहीच नव्हतं. ठोका अगदी शांत असताना श्वास थांबत होता. आधी एक खोल श्वास, मग रेघ सरळ, जणू पट्टीनं ओढलेली. चार-पाच सेकंदांनी कुठं ठोका चढायला लागायचा. तो भीतीरेषा ओलांडायचा, बारा सेकंद वर राहायचा, गजर व्हायचा, आणि सोबती दाराशी पोहोचला की श्वास सुटायचा. एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा. ही मुलगी घाबरत नव्हती. ती छाती फुटेस्तोवर दम रोखून मुद्दाम गजर वाजवत होती.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. त्या यादीत गुरुवार एकही नव्हता.

तिनं शाळेच्या सोबत्याला फोन लावला. दत्ताराम भोकरे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळी शाळा त्यांना दत्ताकाका म्हणायची.

"गुरुवारी माझी सुट्टी असती," काका म्हणाले. "बदली माणूस येतोय."

"तो तुमच्यापेक्षा वेगळं काय करतो?"

"वेगळं काय करणार? गजर झाला की जातोय. 'येऊ का' म्हणत म्हणतच आत शिरतोय. मी जरा थांबतो."

"किती?"

"दहा अंक मोजतो मनात. आता बगा, बत्तीस वर्षं गाडीवर होतो. म्हातारं माणूस पायरीवर असताना डबल बेल मारायची न्हाई. शेवटचं पाऊल भुईला टेकेस्तोवर दम धरायचा. तीच सवय लागली. विचारलंय म्हटल्यावर उत्तराला वेळ नको द्यायला?"

"आणि त्या दहा अंकांत शाल्मली काय करते?"

"माझ्याकडं टक लावून बगती. काय तरी सांगायचं असतंय वो तिला. जोर लावती, मान हलवाय बगती. दहा झालं की मी आत जातो. मग पोरीचं तोंड पडतंय."

जो उत्तराला थांबत नाही त्याला शाल्मली हाकच मारत नव्हती. रुबिनानं फोन ठेवला आणि पाचवा चहा न घेताच कामाला लागली.

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी त्याच वर्गात भरली. बाकीच्या मुलांना आया बागेत घेऊन गेली होती. शाल्मली आपल्या ठरल्या जागी, भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. दोन घट्ट वेण्या, मोठे डोळे. शेजारी तिची आई पल्लवी. समोर खुर्चीवर नाईकनवरे, मांडीवर जाड फाइल. उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ. कुरणेबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, हातांची घडी घालून.

रुबिनानं सगळं सांगितलं. फलक दाखवला.

"म्हणजे आपलं यंत्र चुकलं असं आपण लेखी द्याल?" नाईकनवरेंनी विचारलं.

"यंत्र बरोबर होतं. मी चुकले. तेही लेखी देईन."

"डॉक्टर, मी एका मुलाला सामानाच्या खोलीतून उचलून आणलंय. त्याच्या बाईही फार चांगल्या होत्या असं सगळे सांगत होते. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याची साक्ष दुसरं कुणी देऊ नये असं मला वाटतं. मला पुरावा हवा."

"मग प्रयोग करू. नियमाप्रमाणे काका दाराबाहेर थांबतील. शाल्मलीचा श्वास थांबून तीन सेकंद झाले की मी बोट वर करीन आणि काका विचारतील. ही भीती असेल तर कुणी विचारल्यानं ती जाणार नाही, ठोका चढतच राहील. पण ही हाक असेल, तर ओ मिळाल्यावर कुणी हाक मारत बसत नाही."

नाईकनवरेंनी मान डोलावली. सगळे वाट बघत बसले. अकरा अठरा झाले. फलकावरची श्वासाची लाट एकदा उंच गेली आणि मग सरळ झाली.

रुबिनानं बोट वर केलं.

"काय शाल्मलीबाई," दारातून काका म्हणाले, "बोलवलं काय?"

एक. दोन. तीन. काकांचे ओठ हलत होते. चारला शाल्मलीनं भस्सकन श्वास सोडला. ठोका जागचा हलला नव्हता. गजर झाला नाही. शाल्मली काकांकडे बघत होती आणि तिचा सगळा चेहरा आश्चर्यानं उघडला होता.

"योगायोग," नाईकनवरे म्हणाले, पण ते खुर्चीत पुढं सरकले होते.

योगायोग आणखी तीनदा झाला. मग रुबिना शाल्मलीसमोर मांडी घालून बसली. "शाल्मली, तू हाक मारतेस हे आम्हाला फार उशिरा कळलं. चूक माझी. आता ऐक. 'हो' म्हणायचं असेल तर श्वास धर. 'नाही' असेल तर चालू ठेव. आणि मी प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारीन, म्हणजे माझी परत फसगत व्हायला नको. तुझं नाव शाल्मली आहे का?"

रेघ सरळ झाली.

"तुझं नाव दत्ताराम आहे का?"

रेघ नुसती चालू राहिली नाही, ती उड्या मारायला लागली. पोरगी हसत होती.

पल्लवीला राहवलं नाही. ती पुढं झाली. "बाळा, पाणी हवं का?" लाट चालूच. "नको का पाणी?" लाट थांबली. पल्लवीनं तोंडावर हात घेतला. "नको म्हणाली," ती सगळ्यांना सांगायला लागली. "माझ्या पोरीनं मला नको म्हटलं! नऊ वर्षं मी आपली पाजत्येय पाणी, तिला हवंय की नको कुणाला माहीत!" आणि ती एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली.

नाईकनवरेंनी फाइल खुर्चीवर ठेवली. स्वतः खाली फरशीवर बसले. उंच माणसाला मांडी घालणं जड गेलं. "कुरणेबाई, आपण बाहेर थांबा. साक्षीच्या वेळी आपण इथं असणं बरोबर नाही."

बाई बाहेर गेल्या. जाताना त्यांनी शाल्मलीकडे बघायचं टाळलं, उगाच कुणाला ती खूण वाटायला नको म्हणून. दार लोटलं गेलं. चोवीस वर्षांची नोकरी आता एका नऊ वर्षांच्या मुलीच्या श्वासावर उभी होती, आणि बाईंना दाराबाहेरून काही दिसत नव्हतं. त्या काकांशेजारी व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

"शाल्मली," नाईकनवरेंचा आवाज आता वेगळाच येत होता, "बाई तुला मारतात का?"

लाट चालू राहिली. नाईकनवरेंनी दहा अंक मोजले, काकांसारखेच.

"बाईंनी तुला कधीच मारलेलं नाही?"

सरळ रेघ.

"बाई ओरडतात का?"

सरळ रेघ. रुबिनानं फलकाजवळ जाऊन रेघ पुन्हा तपासली. नाईकनवरेंनी तिच्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न हळू विचारला. "त्या ओरडतात तेव्हा तुला भीती वाटते?"

लाट चालू. अगदी संथ.

"भीती वाटत नाही?"

सरळ रेघ.

नाईकनवरेंनी डोळे मिटले. पाच वर्षांपूर्वीच्या त्या मुलाला त्यांनी असंच काहीतरी विचारायचा खूप प्रयत्न केला होता. आज पहिल्यांदा एक मूल त्यांना उत्तर देत होतं. ते उठले आणि दार उघडलं. "या बाई, आत या. आपण ओरडता अशी तक्रार आहे."

"ओरडते की!" कुरणेबाई म्हणाल्या. "ओरडणार नाही तर काय? डब्यातली भाजी भिंतीला फासतात." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की साहेब हसतायत. त्या तिथंच दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

सुनावणी खरं तर इथं संपली होती. पण शाल्मलीची संपली नव्हती. नाईकनवरे फाइल उचलायला वाकले आणि फलकावरची रेघ पुन्हा सरळ झाली.

"आता काय बोलवती?" काका दारातून आत वाकले.

"अगं, पण एकेचाळीस वेळा तू बोलावलंस कशाला?" रुबिनानं विचारलं. या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर नव्हतं. पल्लवी एकेक विचारत गेली. भूक? नाही. शू? नाही. घरी जायचं? नाही. कुठं दुखतंय? नाही. प्रत्येक नाहीनंतर शाल्मली पुन्हा हाक मारायला नव्यानं श्वास धरायची. तिच्या कपाळावर घाम आला होता. आपल्याला फक्त हो आणि नाही येतं आणि बरोबर प्रश्न दुसऱ्यालाच सुचायला हवा, हे तिला केव्हाच कळलेलं दिसत होतं.

"साडेअकरा झालं," काका म्हणाले. "आपली ही गाडी रोज याच टायमाला हाक मारती. या टायमाला वर्गात काय असतंय?"

"काही नाही," कुरणेबाई म्हणाल्या. "डब्याआधीची पंधरा मिनिटं. पूर्वी मी तिला..."

त्या थांबल्या. रुबिनानं फलकाकडे बघितलं. भूक नव्हे. बाईंनी मंगळवारीच सांगितलं होतं, आणि तिनं 'भूक' खोडून तिथं दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

कुरणेबाई शाल्मलीसमोर गुडघ्यावर बसल्या. "शालू," त्यांनी विचारलं, "उभं राहायचंय?"

श्वासाची रेघ सरळ झाली आणि सरळच राहिली. पाच सेकंद, दहा सेकंद. ठोका चढला, भीतीरेषा ओलांडून गेला, तरी पोरगी श्वास सोडेना. एकदा मिळालेला प्रश्न तिला हातचा जाऊ द्यायचा नव्हता. शेवटी बाहेर टेबलावर गजर वाजायला लागला, बेचाळिसावा.

"कळलं गं, कळलं! श्वास घे!" बाई ओरडल्या. आणि रडल्या. "मी गजराच्या भीतीनं उभं करणं सोडलं, आणि ही बया त्याच्यासाठी गजर वाजवत बसली. माझ्याविरुद्ध नव्हतंच ते काही! मला बोलवत होती ही!"

पुढं या सुनावणीचा अहवाल गाजला. श्वासाची गाळणी सगळ्या फरश्यांमधून काढली गेली, तीसची मर्यादा गेली, आणि प्रत्येक सोबत्यानं दाराशी दहा अंक थांबायचं हे लेखी नियमात आलं. खर्चाच्या रकान्यात नाईकनवरेंनी फरशीची किंमत लिहिली आणि तिच्याखाली लाकडी कठड्याचे ते तीन महिने लिहिले. हिशेबनिसानं विचारलं, हे कुठल्या खात्यात टाकू, तर म्हणाले, माझ्या. सहा महिन्यांत जिल्ह्यातल्या वीस शाळांतून अकरा मुलांनी पहिल्यांदा कुणालातरी हाक मारली. त्यातल्या एकाची हाक खरोखरच तक्रारीची निघाली, आणि त्या शाळेवर त्याच दिवशी कारवाई झाली. पण ते सगळं पुढचं.

त्या शुक्रवारी कुरणेबाईंनी पदर खोचला, शाल्मलीला कडेवर घेऊन कठड्याशी नेलं आणि तिची बोटं एकेक करून लाकडावर बसवली. मग तिच्या कमरेला हात द्यायच्या आधी त्यांनी सवयीनं दाराकडं बघितलं.

ते नाईकनवरेंनी पाहिलं. "थांबा," ते म्हणाले. "मी बाहेर जातो. दार लावून घेतो."

"अहो साहेब, गजर होणारच आहे. तीन महिन्यांनी उभी राहतेय."

"होऊ द्या. काका, आज सोबती मी."

ते बाहेर गेले. दार लागलं. शाल्मलीचे गुडघे आधी वाकले, मग ताठ झाले, मग तिचं सगळं अंग थरथरायला लागलं, आणि ती उभी राहिली. पल्लवी मोठ्यानं सेकंद मोजत होती. सात, आठ, नऊ. ठोका भीतीरेषेच्या खूप वर होता. रुबिना फलकाकडं न बघता पहिल्यांदाच मुलीकडे बघत होती. घामेजलेलं तोंड, दातांत धरलेला ओठ आणि ते तेज. बाईंनी वर्णन कमीच केलं होतं.

बाहेर गजर वाजला. नियमाप्रमाणे दारावर टकटक झाली.

"शाल्मलीताई," नाईकनवरेंचा आवाज आला, "मी आत येऊ का?"

एक, दोन, तीन. शाल्मली धापा टाकत होती. श्वासाची लाट फलकभर उसळत होती. आठ, नऊ, दहा.

"नाही म्हणतेय," काका आतून म्हणाले.

"दमली असेल. श्वास धरता येत नसेल," नाईकनवरे दाराबाहेरून म्हणाले. दोन्ही बाजूंनी विचारायचं हे ते रुबिनाकडून पक्कं शिकले होते. "शाल्मलीताई, मी बाहेरच थांबू का?"

पाय लटपटत असताना, बोटं पांढरी पडेस्तोवर कठडा धरलेला असताना, त्या पोरीनं खोल श्वास घेतला आणि धरला. फलकावर पट्टीनं ओढल्यासारखी सरळ रेघ उमटली.

"हो म्हणाली!" पल्लवी किंचाळली. "साहेब, हो म्हणाली!"

गजर वाजतच होता. जिल्ह्याचे दक्षता अधिकारी बाहेरच थांबले.